पावसाळ्यात रोपं दरवर्षी काडीसारखी लांबतात आणि आडवी पडतात: आमच्याकडं कारण डोक्यावरच्या पत्र्यात निघालं

आधी अडचण नीट सांगतो म्हणजे तुमची पण हीच आहे का ते कळंल. जून-जुलैत प्रोट्रेमध्ये (रोपं करायचा कप्प्याकप्प्यांचा प्लास्टिकचा ट्रे) टोमॅटो, मिरची, झेंडू पेरलं की उगवण एकदम झकास, आठवड्याभरात जवळजवळ सगळे कप्पे भरलेले, आणि तिथनं पुढं रोपं अशी सुसाट वर पळायची की खोड सुतळीच्या धाग्यासारखं बारीक, पहिली खरी पानं सुटायच्या आधीच मान टाकायची, पाण्याचा फवारा मारला की निम्मा ट्रे आडवा. पानं मात्र हिरवीगार. हे हिरवं असणं लक्षात ठेवा, पुढं सगळा उलगडा तिथनंच झाला.

आम्ही फुलेवाडीत राहतो, गच्चीवर शेड आहे, वरती फायबरचा पत्रा. मामाचं वडणग्यात अर्धा एकर आहे, त्याला लागणारी रोपं आई हितंच गच्चीवर करते, हंगामाला दीड-दोन हजार तरी होतात, त्यामुळं एक बॅच गेली की नुसतं बियाणं जात नाही, मामाची लागणच पंधरा दिवस पुढं जाते, आणि दसऱ्याच्या झेंडूला पंधरा दिवस म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. कोल्हापुरात जुलैत आभाळ आठ-आठ दिवस उघडत नाही, म्हणून आम्ही धरून चाललो होतो की ऊन नाही त्यामुळं होतंय, पावसाळा आहे, चालायचंच. पण पत्रा घातला २०१५ ला, पाऊस तेव्हाही असाच होता, आणि पहिली तीन-चार वर्षं रोपं चांगली बुटकी, दणकट यायची. मग दरवर्षी थोडी थोडी लांब, २०२२ ला निम्मी गेली, २०२३ ला त्याहून जास्त. बिघाड इतका हळूहळू झाला की कुठल्याच एका वर्षी "काल बरं होतं, आज बिघडलं" असं म्हणता आलं नाही.

काय काय करून बघितलं ते पण सांगतो कारण तुमच्याकडं यातलंच एखादं खरं कारण असू शकतं. बियाणं बदललं, फरक शून्य. पाणी कमी केलं, तर मुळाशी होणारी मर कमी झाली पण लांबी तशीच (मर वेगळी ओळखू येते, मातीलगत खोड पाण्यानं भिजल्यासारखं होऊन चिमटतं आणि रोप तिथंच मोडतं, आमच्या रोपांची बुडं चांगली होती, ती वरच्या वजनानं वाकत होती). १९:१९:१९ ची (पाण्यात विरघळणारं खत) फवारणी बंद केली, थोडी कमी लांबली असतील नसतील. ट्रे एकमेकांपासनं लांब ठेवले कारण दाटीत रोपं लांबतात हे खरंच आहे, शेजारच्या पानातनं गाळून येणाऱ्या प्रकाशात ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल कमी आणि ७३० च्या आसपासचा गडद लाल जास्त असतो, रोपाला त्यावरनं कळतं की बाजूला कोणीतरी आहे आणि ते वर पळतं. पण आमच्याकडं ट्रेच्या मधली रोपं आणि कडेची रोपं सारखीच लांब होती. नुसती दाटी असती तर कडेच्यांना थोडं तरी बरं दिसलं असतं.

मग मोबाईलवर लक्स मोजायचं ॲप टाकलं. शेडच्या मधी आणि कडेला आकड्यात फारसा फरक नाही, आणि उजेड इतका की आत बसून पेपर वाचता येतो. त्यामुळं "उजेड कमी" हा मुद्दा मी स्वतःच खोडून टाकला आणि पूर्ण एक हंगाम वाया गेला. ही चूक दुसऱ्या कुणी करू नये म्हणून एवढं मोठं लिहायला बसलोय.

खरा धागा आईनं पकडला. पश्चिमेच्या बाजूला पत्रा आणि कठड्याच्या मधी हातभर फट आहे, तिथनं आभाळ दिसतं. एका सकाळी ती पाणी मारताना म्हणाली, "आरं, ही सगळीच्या सगळी तिकडंच का बघालीत? उजेड तर सगळीकडं सारखा हाय." मी म्हटलं ट्रे फिरवू. रोज फिरवला, तर खोडं सापासारखी नागमोडी झाली, म्हणजे रोज संध्याकाळपर्यंत ती परत फटीकडंच वळत होती. आता विचार करा, मोबाईलला आत आणि फटीजवळ फरक दिसत नाही, माझ्या डोळ्याला दिसत नाही, आणि रोपाला तो इतका स्पष्ट दिसतोय की रोज मान वळवतंय. म्हणजे रोप जे मोजतंय ते मी मोजतच नव्हतो.

रोप वळताना निळा प्रकाश मोजतं. वळण्यावर पहिला नामांकित प्रयोग चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी केला, १८८० साली छापून आला. गवताच्या कोवळ्या कोंबाच्या शेंड्यावर त्यांनी टोपी घातली, उजेड एका बाजूनं दिला, तर कोंब वळलाच नाही. टोपी काढली की वळला. बूड झाकलं आणि शेंडा उघडा ठेवला तरी वळला. म्हणजे प्रकाश कळतो शेंड्याला आणि वाकतो खालचा भाग, मग मधी काहीतरी निरोप जात असणार. तो निरोप म्हणजे ऑक्सिन नावाचं वाढीचं संप्रेरक, हे नेदरलँड्समध्ये फ्रिट्स वेंट यांनी १९२० च्या दशकात ओटच्या कोंबांवर दाखवलं. अंधाऱ्या बाजूला ऑक्सिन जास्त जमतं, तिकडच्या पेशी जास्त लांबतात, म्हणून कोंब उजेडाकडं झुकतो. हा प्रयोग मी घरी गव्हाच्या कोंबांवर चॉकलेटच्या चांदीच्या टोप्या घालून केला, खोक्याला एका बाजूनं भोक पाडून, आणि दुसऱ्या दिवशी टोपीवाले सरळ उभे आणि बाकीचे भोकाकडं. दीडशे वर्षं होत आलेली गोष्ट आपल्या खोक्यात घडताना बघितली की अंगावर काटा येतो, खरंच करून बघा, पोरांना दाखवा.

पण शेंड्याला उजेड कळतो म्हणजे नक्की कशानं कळतो, हे सापडायला पुढं शंभरावर वर्षं गेली. दोन वेगळी यंत्रं आहेत आणि आमच्या शेडमध्ये दोन्हींच्या खुणा दिसत होत्या. वळायचं काम फोटोट्रॉपिनचं, त्याचं जनुक अमेरिकेत स्टॅनफर्डला विन्स्लो ब्रिग्ज यांच्या प्रयोगशाळेत १९९७ ला हाती लागलं. आणि लांबी आवरायचं काम क्रिप्टोक्रोमचं, ते १९९३ ला मार्गारेट अहमद आणि अँथनी कॅशमोर यांनी शोधलं. ते कसं सापडलं हे वाचल्यावर तर मला आमचाच ट्रे आठवला. मोहरीच्या कुळातलं अरॅबिडॉप्सिस नावाचं छोटं झाड आहे, त्याचा एक बिघडलेला वाण होता जो निळ्या प्रकाशात ठेवला तरी लांबच लांब वाढायचा. त्याच्यात कुठलं जनुक मोडलंय ते शोधलं, तर निळा प्रकाश ओळखणारं प्रथिनच निघालं. म्हणजे रोपानं आखूड राहायचं असेल तर त्याला निळा दिसायला पाहिजे. डोळा मोडला तरी लांबणार, आणि डोळा चांगला असून निळाच आला नाही तरी लांबणार.

यामागचा हिशोब असा आहे. बी मातीत असताना कोंबाकडं शिदोरी मोजकी असते, त्याला एकच काम, वर जायचं आणि माती फोडायची. तेव्हा पानं उघडणं, खोड जाड करणं सगळं थांबवलेलं असतं, कॉप-१ नावाचं प्रथिन ते काम सुरू करणाऱ्या प्रथिनांना अंधारात टिकूच देत नाही. वर आल्यावर निळा प्रकाश पडला की क्रिप्टोक्रोम त्या कॉप-१ ला अडवतं, मग बाकीची प्रथिनं साठतात, खोडाची धाव थांबते, पानं उघडतात. खोडाची वाढ तर निळा प्रकाश पडल्यावर मिनिटाभरातच मंदावायला लागते. लाल प्रकाश ओळखणारं फायटोक्रोम पण यात मदत करतं, सगळं श्रेय निळ्याला देऊन चालणार नाही, पण आमच्याकडं लाल भरपूर पोचत होता आणि तरी रोपं पळत होती.

नवरात्रातला घट आठवा. देवघरात, अंधाराच्या कोपऱ्यात, नंदादीपाच्या पिवळ्या उजेडात घटातलं धान नऊ दिवसात कसं सरसर उंच येतं, पिवळसर, नाजूक. आपण त्याला घट चांगला उगवला म्हणतो आणि घटात ते शोभतं पण. ट्रेमधल्या मिरचीचं तेच झालं की मामाचा हंगाम जातो. फरक एवढाच की घटातलं धान पिवळं असतं कारण तिथं एकूणच उजेड नाही, आणि आमची रोपं हिरवी होती. हिरवी आहेत म्हणजे अन्न बनवण्यापुरता उजेड मिळतोय, लाल-पिवळा येतोय, आणि तरी लांबतायत म्हणजे त्या उजेडातनं नेमकं काहीतरी गाळलं जातंय. हे डोक्यात आल्यावर मी पहिल्यांदा मान वर करून पत्र्याकडं नीट बघितलं.

पत्रा पिवळा झाला होता. २०१५ ला दुधाळ पांढरा होता तो उन्हानं वर्षावर्षाला पिवळा पडत गेलेला, आता अगदी मधाच्या रंगाचा. रोज त्याच्याखाली उभं राहून आपल्याला ते जाणवत नाही कारण डोळा सवय करून घेतो, आणि मोबाईलचा कॅमेरा पण रंग आपोआप सुधारून पांढरा दाखवतो. पिवळी वस्तू पिवळी दिसते कारण ती निळा खाते. आणि यातली मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट ही की रोप निळा पकडतं ते पण एका पिवळ्याच पदार्थानं. क्रिप्टोक्रोम आणि फोटोट्रॉपिन दोन्हींच्या पोटात जो रेणू बसलेला असतो तो जीवनसत्त्व बी-२ पासनं बनलेला, बी-कॉम्प्लेक्सची गोळी खाल्ल्यावर लघवी पिवळीधमक होते ती ज्याच्यामुळं तोच. रोप त्या पिवळ्या रेणूनं निळा झेलायला बसलंय आणि वर आमचा पिवळा पत्रा तो आधीच झेलून टाकतोय. फटीतनं मात्र उघडं आभाळ दिसत होतं, तिथनं निळा सरळ आत यायचा, म्हणून माना तिकडं.

लक्सचं ॲप का फसलं ते पण मग कळलं. लक्स हे माप माणसाच्या डोळ्यावर बेतलेलं आहे, डोळा ५५५ नॅनोमीटरच्या पिवळट हिरव्याला सगळ्यात तिखट, आणि फोटोट्रॉपिन-क्रिप्टोक्रोमला लागणारा ४५० च्या आसपासचा निळा लक्सच्या हिशोबात त्याच्या तुलनेत जेमतेम ४ टक्के वजनाचा. म्हणजे सगळा निळा काढून घेतला तरी लक्सचा आकडा किरकोळच उतरतो. रोपांच्या बाबतीत लक्सवर अवलंबून राहू नका, निदान रंगीत किंवा जुन्या पत्र्याखाली तर नकोच.

पावसाळ्यातच का व्हायचं, उन्हाळ्यात का नाही, याचं उत्तर पण यातच आलं. उन्हाळ्यात मूळ उजेडच इतका प्रचंड असतो की पत्र्यानं बराच निळा खाल्ला तरी उरलेला पुरतो. जुलैत ढगांनी एकूण उजेड घटवला, त्यातनं पत्र्यानं निळा घटवला, आणि शिल्लक राहिलेला क्रिप्टोक्रोमला पुरेना. पत्रा नवा असताना नुसत्या ढगांनी काही बिघडत नव्हतं.

आता तुमच्याकडं हेच आहे का ते कसं तपासायचं. पांढराशुभ्र कागद घ्या, अर्धा शेडच्या बाहेर आणि अर्धा आत येईल असा कडेला धरा आणि दोन्ही अर्धे एकाच फोटोत घ्या, वेगवेगळे फोटो काढले तर कॅमेरा फसवतो. आतला भाग पिवळट दिसला की निळा गाळला जातोय. दुसरी तपासणी थोडी वेळ खाते पण पक्की आहे. पुस्तकांच्या दुकानात जिलेटीन पेपर मिळतो, लाल आणि निळा घ्या, दोन बुटाची खोकी, दोन्हींना एका बाजूला खिडकी कापून एकावर लाल एकावर निळा दोन पदर चिकटवा, आत मोहरी किंवा मेथी उगवायला ठेवा. निळ्या खोक्यातली खिडकीकडं वाकतात, लाल खोक्यातली वाकत नाहीत, सरळ वर जातात, तिथं उजेड आहे तरी. खोक्याला दुसरीकडनं कुठनंही उजेड येता कामा नये, मी पहिल्यांदा झाकणाची फट तशीच ठेवली होती तर सगळी फटीकडं गेली.

शेवटची खात्री म्हणून २०२४ च्या जूनमध्ये आम्ही एकाच पाकिटातला टोमॅटो, एकच कोकोपीट, एकाच दिवशी तीन ट्रे पेरले. एक जुन्या पत्र्याखाली, एक शेडच्या बाहेर नुसता पारदर्शक प्लास्टिक ताणून, एक पत्र्याखालीच पण वर ट्यूबलाईट लावून. बाराव्या दिवशी पट्टी लावली तर पत्र्याखालचा ९ सेंमी आणि झुकलेला, प्लास्टिकखालचा ४ सेंमी, ट्यूबखालचा साडेचार. आई काही बोलली नाही, तिनं नुसतं बाहेरच्या ट्रेवरनं हात फिरवला आणि मामाला फोन लावला.

उपाय. पत्रा बदलला तर प्रश्नच मिटतो, आम्ही रोपांच्या वरचा तेवढाच भाग काढून पारदर्शक पॉलिकार्बोनेट शीट घातलं. ते अतिनील अडवतं पण निळा जाऊ देतं, आणि रोपाला हवाय तो निळा. पाऊस रोपांवर डायरेक्ट पडू द्यायचा नाही, नाहीतर मर येते, त्यामुळं आच्छादन काढून टाकणं हा उपाय नाही. शीट घेताना "यूव्ही कोटिंग" असलेलंच घ्या, नसलेलं दोन-चार वर्षात पिवळं पडून तुम्ही परत तिथंच याल.

पत्रा बदलणं जमत नसेल तर साधी चार फुटी एलईडी ट्यूब, पण रंग बघून घ्या. खोक्यावर ६५०० के लिहिलेली, म्हणजे पांढरी-निळसर. पांढऱ्या एलईडीच्या आत मुळात निळा दिवाच असतो आणि त्यावर पिवळा लेप, ६५०० मध्ये निळा बराच बाहेर येतो. २७०० के म्हणजे पिवळट वॉर्म लाईटमध्ये निळा कमी. आम्ही आधी घरातले जुने वॉर्म बल्ब टांगले होते, काहीच उपयोग झाला नाही आणि आम्ही समजलो की लाईटनं काही होत नाही. जांभळट गुलाबी ग्रो लाईट चालतात, पण त्या उजेडात पानावरचे डाग, कीड दिसत नाही, म्हणून मला साधी पांढरीच बरी वाटते. नुसत्या निळ्या लाईटच्या मागं लागू नका, अन्न बनवायला लाल पण लागतोच. ट्यूब शेंड्यापासनं एक वीतभर वर, रोपं वाढतील तशी वर सरकवायची, उंच छताला लावलेल्या ट्यूबचा उजेड खाली पोचेपर्यंत संपतो. सकाळी ६ ते संध्याकाळी ७, टायमर लावा. झेंडूवर रात्री उशिरापर्यंत चालू ठेवू नका, आफ्रिकन झेंडूला दिवस मोठा वाटला की फूल उशिरा येतं, आणि दसऱ्याचा माल असेल तर तेच परवडत नाही. पावसाळा आहे, वायरिंग आणि फिटिंग पाण्यापासनं झाकलेलं पाहिजे, यात काटकसर नको.

वेळ सगळ्यात महत्त्वाची. पहिले तीन-चार दिवस हातचे गेले तर नंतर कितीही निळा द्या, लांबलेलं खोड परत आखूड होत नाही, फक्त पुढची वाढ आवरली जाते. आम्ही आधी उगवण होईपर्यंत ट्रे एकावर एक रचून झाकून ठेवायचो आणि सगळे कप्पे उगवल्यावर उघडायचो. आता पहिले पाच-दहा कोंब दिसले की त्याच सकाळी उजेडात, उरलेले उजेडात येतील. दिवसातनं दोन वेळा रोपांच्या शेंड्यांवरनं हलका हात किंवा झाडूची मऊ काडी फिरवा, हलवल्यानं पण खोड आखूड आणि जाड होतं, हा वेगळा परिणाम आहे पण जोडीला चांगला.

आणि ज्यांचे ट्रे आत्ताच लांबलेत त्यांनी फेकू नका. टोमॅटोचं लांब खोड बीजदलाच्या (बीतनं निघणाऱ्या पहिल्या दोन पानांच्या) खालपर्यंत मातीत गाडून लावा, गाडलेल्या खोडाला मुळं फुटतात, झेंडूलाही फुटतात. मिरची मात्र तशी खोल गाडायची नाही, ती काठीला सैल बांधून उजेडात आणा, पण ढग फाटून एकदम कडक ऊन पडलं तर दुपारचं थोडं आडोशाला, कारण गाळीव उजेडात वाढलेली पानं भाजतात. युरियाचं पाणी देऊन "ताकद" आणायला जाऊ नका, ती अजून लांबतील.

हिरव्या शेडनेटखाली हा त्रास असेल तर आधी कागदाचा फोटो काढून बघा, आणि नेट किती वर्षं जुनं, ट्रे किती दिवस झाकून ठेवता, पानं हिरवी आहेत का पिवळी, एवढं लिहा. पिवळी असतील तर गोष्ट वेगळी आहे, मग एकूण उजेडच कमी पडतोय.